पेटीत काय आहे? गोदीच्या स्फोटापासून गल्फच्या खोक्यापर्यंत

१४ एप्रिल ही तारीख आपल्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीची. त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही सुरू होतो, पण परीक्षांच्या गडबडीत शाळांतून त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या मुलाने विचारलेच की सप्ताहाला हीच तारीख का, तर त्याचे उत्तर मुंबईच्या गोदीत आहे. १९४४ साली याच तारखेला, शुक्रवारी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज फुटले. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे.

गोदीचा स्फोट हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या, ही गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असते. मला तो इतिहास सोन्यासाठी सांगायचा नाही. आपल्या नातेवाइकांकडून गल्फहून जे खोके येतात, त्यांत बॉडी स्प्रेचे डबे असतात, आणि खोक्यावर चिकटवलेल्या यादीत ते नसतात. या साध्या गोष्टीचा त्या जहाजाशी संबंध आहे, तो सांगायचा आहे.

जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. युद्धाचा काळ. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, पेट्यांत भरलेली विमाने, आणि लोखंडी पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. कप्तानाचे नाव अलेक्झांडर नेस्मिथ. जिब्राल्टर, पोर्ट सईद करत ते मार्चच्या अखेरीस कराचीला लागले. तिथे काही माल उतरला आणि जी जागा रिकामी झाली, तिच्यात कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड असे काय काय भरण्यात आले. कप्तानाने हरकत घेतली होती. पेटणारे आणि फुटणारे एकाच जहाजात भरत आहात, अशी त्याची तक्रार होती. पण युद्धात रिकामी जागा पाठवायची नाही असा दंडक होता, जहाजे कमी होती, आणि कप्तानाचे कोणी ऐकले नाही.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात स्फोटके असलेले जहाज धक्क्याला आणत नसत. बाहेर खाडीत उभे करून, लहान पडावांतून माल उतरवत. युद्धाच्या घाईत ते बंधन सैल झाले होते. स्फोटके उतरवायचे पडाव वेळेवर आले नाहीत, म्हणून बाकीचा माल उतरवणे सुरू झाले. दोन दिवस तसेच गेले.

चौदा तारखेला, जुम्याच्या नमाजीची वेळ उलटून गेल्यावर, दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर येताना दिसला. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातला माल भरायचा कप्पा. त्याच कप्प्यात कापूस होता आणि त्याच कप्प्यात स्फोटके. आग कशाने लागली हे नक्की कळले नाही. कोणीतरी विडी-सिगारेट टाकली असावी असा संशय होता. कापसाची आग खान्देशच्या माणसाला समजावून सांगायला नको. ती भडकत नाही, आतल्या आत धुमसते. वरून कितीही पाणी मारा, गाठीच्या पोटात ती जिवंत राहते. सुमारे ९०० टन पाणी ओतले. जहाजाचे पत्रे इतके तापले की आतले पाणी उकळू लागले. जहाज ओढून बाहेर न्यायचे की आहे तिथेच बुडवायचे, याचा निर्णय कोणी घेतला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

पहिल्या स्फोटात जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. पेटलेला कापूस वाऱ्यावर उडून मांडवी आणि आसपासच्या वस्तीवर पडला आणि शहर पेटले. शेजारच्या धक्क्यांवरची जहाजे बुडाली, जळाली. 'जलपद्मा' नावाच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामावर जाऊन पडला. कप्तान नेस्मिथही गेला. मेलेल्यांचा आकडा कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. ढिगारा उपसायला हजारो माणसे सहा-सात महिने राबली.

सैनिक, खलाशी, बंबवाले यांच्या नोंदी असतात. टोळीवाल्याच्या हाताखाली रोजाने लागलेल्या हमालाची नोंद कोण ठेवणार? आकड्यांत जी शेकड्यांची तफावत आहे, तिच्यात बहुतेक अशीच माणसे असावीत असे माझे मत आहे. कोकणातली, घाटावरची, उत्तरेतली. हिंदू, मुसलमान दोन्ही. त्या काळी मुंबईच्या जहाजांवरच्या खलाशांत कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते, आणि गोदीला लागूनच मस्जिद बंदर, डोंगरी ही वस्ती. याच बंदरातून हाजींची जहाजे सुटत. मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेलेला एखादा आजोबा आपल्यापैकी बऱ्याच घरांत होऊन गेला आहे.

सरकारने बातमी दाबली. भारतातल्या वृत्तपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तपशीलवार बातमी दिली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. नंतर जी चौकशी झाली तिने बऱ्याच चुका दाखवल्या. कापूस खाली आणि दारूगोळा वर असा भरला होता. स्फोटके उतरवायला उशीर केला. आग लागल्यावर वाफ सोडून ती कोंडायची सोय असताना ती वापरली नाही. अग्निशामक दलाला कळवायला वेळ लावला. आणि या यादीत आणखी एक गोष्ट होती. धोकादायक माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो फोर्ट स्टिकीनवर लावलेला नव्हता.

मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. जहाजात काय आहे हे कागदावर होतेच. कप्तानाला माहीत होते, बंदराच्या अधिकाऱ्यांकडे यादी होती. पण धक्क्यावर उभा राहून पाहणाऱ्या हमालाला, शेजारच्या जहाजावरच्या खलाशाला, रस्त्यावरून धूर पाहायला आलेल्या बघ्याला ते कळायला काहीच साधन नव्हते. त्यांना दिसत होते ते एक धुरकटलेले मालवाहू जहाज. माणसे पळून जाण्याऐवजी गंमत पाहत उभी राहिली. सोने मात्र झाळलेल्या पेटीत, मोजून, नोंदवून ठेवले होते.

म्हणजे 'जाहीर करणे' याचे दोन भाग आहेत. एक, कचेरीतल्या कागदावर लिहिणे. दुसरा, जो माणूस त्या मालाला हात लावणार आहे त्याच्या डोळ्यांपर्यंत ते पोचवणे. पहिला भाग झाला आणि दुसरा राहिला, तर काय होते ते मुंबईने पाहिले.

कापसाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण आपण कापूसवाले. फोर्ट स्टिकीनवरचा कापूस कराचीत भरलेला, तो आपल्याकडचा नव्हता. पण रेल्वे आल्यापासून खान्देशचा कापूसही मुंबईच्याच बंदरात जात आला आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस पेटल्याच्या बातम्या दर हंगामात आपण वाचतो. आंतरराष्ट्रीय नियमात कापसालाही स्वतःचे नंबर आहेत. ओला कापूस वेगळा, तेलकट कापूस-कचरा वेगळा. हे दोन्ही आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतात. कोरडा कापूसही सुटा किंवा ढिला बांधलेला असेल तर ज्वलनशील माल धरतात. घनमीटरला ३६० किलो किंवा त्याहून घट्ट दाबलेली गाठ बंद कंटेनरमधून नेली तर तिला सूट आहे, कारण घट्ट गाठीत हवा कमी आणि हवा कमी म्हणजे आगीला खाणे कमी. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारा व्यापारी फक्त काटा मारत नसतो, हे यावरून लक्षात येईल.

ओल्या मालाची गोष्ट आपल्याला दुसरीकडूनही माहीत आहे. मदिनेच्या बाजारात रसूलुल्लाह (स.) एका धान्याच्या ढिगाशी थांबले, ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस त्याने पाडला नव्हता, त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. त्याला विचारले गेले ते एवढेच, की ओला दाणा वर का नाही ठेवलास, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे सांगितले गेले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती फक्त गिऱ्हाइकापुरती आहे असे समजतो. पण माल विकत घेणारा एक असतो आणि तो उचलणारे, वाहणारे, ज्या जहाजातून जातो त्यावर झोपणारे दहा असतात. त्यांना ना नफा, ना तोटा. त्यांच्यापासून ऐब लपवणे हे तर जास्तच वाईट.

माल जाहीर करण्याचा कायदा आला तोही अशाच माणसांच्या मरणामुळे. १८६६ च्या एप्रिलमध्ये दोन स्फोट लागोपाठ झाले. पनामाच्या बंदरात 'युरोपियन' नावाचे जहाज उडाले, आणि दोन आठवड्यांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेल्स फार्गो कंपनीच्या कचेरीच्या आवारात एक पेटी उडाली. दोन्ही ठिकाणी नायट्रोग्लिसरीन होते आणि दोन्ही ठिकाणी माल हाताळणाऱ्यांना ते माहीत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोची पेटी गळत होती. आत काय फुटले आहे ते पाहावे म्हणून माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन ती उघडायला सुरुवात केली.

इमारतीच्या मालकाने नुकसानभरपाईचा दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७२ मध्ये निकाल लागला. वाहतूक करणाऱ्या कंपनीला आत काय आहे याची कल्पना नव्हती आणि संशय यावा असे बाहेर काही दिसत नव्हते, म्हणून पेटी उघडण्यात तिचा निष्काळजीपणा धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल कंपनीच्या बाजूने असला तरी त्यातली समजूत हमालाच्या बाजूची आहे. प्रत्येक पेटीवर संशय घेऊन जगात वाहतूक चालू शकत नाही. माल वाहणारा माणूस पाठवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, म्हणूनच ती चालते. आपल्या भाषेत ही अमानत झाली.

ब्रिटनच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात हे स्पष्ट लिहिले गेले. धोकादायक मालावर तो काय आहे हे बाहेरून ठळक लिहायचे आणि जहाजाच्या मालकाला वा कप्तानाला आधी कळवायचे. त्या यादीत तेजाब, नॅफ्था, बंदुकीची दारू, पेट्रोलियम होते, आणि साध्या काड्यापेटीच्या काड्याही होत्या. घरात रोज वापरतो ती वस्तू धोकादायक कशी, असे तेव्हाच्याही लोकांना वाटले असणार.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला करार झाला आणि त्यात धोकादायक मालाचा उल्लेख आला, पण धोकादायक कशाला म्हणायचे ते प्रत्येक देशावर सोडले. त्यामुळे एका बंदरात जे धोक्याचे ते दुसऱ्या बंदरात साधे. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्या शिफारशी १९५६ मध्ये निघाल्या आणि मालाचे नऊ वर्ग व प्रत्येक वस्तूला चार आकडी नंबर ही पद्धत हळूहळू रुजली. भाषा कोणतीही असो, नंबर सगळ्यांना वाचता येतो. समुद्री वाहतुकीची संहिता १९६५ मध्ये आली. ती सगळ्या देशांवर बंधनकारक व्हायला मात्र १ जानेवारी २००४ उजाडावे लागले.

याच नंबरांत स्प्रेच्या डब्याचा नंबर आहे १९५०. ते साल नव्हे, हे मुद्दाम सांगतो. दाबाखाली भरलेल्या फवारणीच्या सगळ्या डब्यांना, मग तो बॉडी स्प्रे असो, दाढीचा फेस असो, रंगाचा असो की झुरळ मारायचा, हा एकच नंबर. त्यातला वायू पेटणारा असेल तर वर्ग २.१.

हा डबा दिसायला साधा, पण त्याचा इतिहास मजेशीर आहे. मूळ कल्पना १९२० च्या दशकातली, नॉर्वेच्या एरिक रोथाइम या अभियंत्याची. ती खरी वापरात आली दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे फोर्ट स्टिकीनच्याच दिवसांत. अमेरिकी सैनिकांना मलेरियाच्या डासांवर फवारायला दाबाखालच्या वायूचे जाड डबे देण्यात आले. त्यात फ्रिऑन हा न पेटणारा वायू होता. नंतर डबा पातळ झाला, स्वस्त झाला, घराघरांत गेला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले की हेच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हटवले गेले. त्यांच्या जागी जे आले ते प्रोपेन, ब्युटेन आणि आयसोब्युटेन. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तोच वायू. ओझोन वाचला, फार चांगले झाले, पण डबा पूर्वीपेक्षा जास्त पेटता झाला. आज आपण काखेत फवारतो त्या वासामागे ढकलायला गॅस सिलिंडर आहे, हे किती जणांना माहीत असते?

आपल्याकडे या डब्यावर चर्चा होते ती वेगळीच. त्यात अल्कोहोल आहे, मग तो लावून नमाज होते का? मस्जिदीच्या ओट्यावर यावर तासन्‌तास बोलणारे लोक मी पाहिले आहेत. तो प्रश्न उलेमांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण त्या तासाभरात एकानेही डब्यावरची बारीक अक्षरे वाचलेली मी पाहिली नाहीत. तिथे लिहिलेले असते की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ ला जातो. मे महिन्यात बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या कंटेनरमध्ये किती होत असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

असे डबे एकत्र पेटले तर काय होते, याचे उदाहरण १९८२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात घडले. केमार्ट या दुकानांच्या कंपनीचे तिथे अवाढव्य गोदाम होते, सुमारे बारा लाख चौरस फुटांचे. एका खोक्यातले स्प्रेचे डबे खाली पडून फुटले, माल उचलणाऱ्या गाडीच्या ठिणगीने वायू पेटला, आणि पुढे डबे अग्निबाणासारखे उडत गोदामभर गेले. एक डबा जिथे पडे तिथे नवी आग. आग एका जागी कोंडता आली नाही आणि सगळे गोदाम गेले. सुदैवाने माणसे वाचली, कारण बाहेर पळायला जमीन होती. जहाजावरच्या माणसाला ती नसते.

म्हणून जहाजाने स्प्रेचे डबे पाठवायचे असतील तर पाठवणाऱ्याने सही करून लिहून द्यायचे असते: नंबर १९५०, नाव एरोसोल, वर्ग २.१, किती डबे, किती वजन. मग ते खोके उष्णतेपासून दूर, माणसे राहतात त्या भागापासून दूर ठेवले जातात. एका लिटरपर्यंतचे डबे आणि ३० किलोपर्यंतचे खोके असतील तर बरीच सवलत मिळते. अशा खोक्यावर चौकोन टोकावर उभा केल्यासारखी खूण लावतात, वरचे आणि खालचे टोक काळे, मध्ये पांढरे. पण सवलत आहे म्हणून समुद्रमार्गे सांगायचेच नाही, असे नाही. कागदावर ते लिहावेच लागते. फोर्ट स्टिकीनच्या बाबतीत राहून गेलेला दुसरा भाग, म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, तो या चौकोनात आला आहे.

आता आपल्या घरचे. पिंपळनेरसारख्या लहान गावातूनही मुले आखातात गेलेली आहेत. माझा एक भाचा दम्मामला एका गोदामात हेल्पर आहे. मागे त्याने बहिणीकडे घरपोच कार्गोचा खोका पाठवला. दूध पावडर, खजूर, बाम, दोन ब्लँकेटे, आणि ब्लँकेटांच्या घड्यांत बॉडी स्प्रेचे सात डबे. वरच्या यादीत होते, 'युज्ड हाउसहोल्ड आयटम्स'. स्प्रेचे नाव नाही. फोनवर मी विचारले तर म्हणाला, "मामू, वो लिखे तो लेते नई. एजंटच बोलता मत लिखो. सब ऐसेच भेजते."

मी त्याला दुसरेच विचारले. तू दिवसभर जे खोके उचलतोस, त्यांत काय आहे ते तुला कसे कळते? तो म्हणाला, "स्टिकर रहता ना, मामू." स्टिकर असला की हळू उचलायचे, बाजूला ठेवायचे, वेगळ्या रॅकला लावायचे, असे त्यांना शिकवले आहे. आणि ज्याला स्टिकर नसतो तो?

"उसको तो फेंकते."

त्याच्या गोदामातून कोणाचे तरी भाऊ-मामू असेच खोके पाठवत असणार, आणि माझा भाचा ते फेकत असणार. हे मी त्याला म्हणालो नाही. तो हुशार आहे, त्याच्या लक्षात आले असावे, कारण थोडा वेळ फोनवर कोणीच बोलले नाही. मग त्याने अम्मीची तब्येत विचारली.

एजंटांचे म्हणणे सगळीकडे एकच असते. सात डब्यांनी काय होते? यावर मला १९९६ सालचे व्हॅल्यूजेटचे विमान आठवते. ११ मे रोजी मायामीहून उडाले आणि थोड्याच मिनिटांत दलदलीत कोसळले. ११० जण गेले. मालाच्या कप्प्यात काही खोकी होती, कागदावर लिहिले होते की ऑक्सिजनचे रिकामे डबे. रिकामे नव्हते. ती प्राणवायू तयार करणारी उपकरणे होती, सुरू झाली की भयंकर तापणारी, आणि त्यांच्यावर सुरक्षेची टोपणेही नव्हती. ज्या माणसाने 'रिकामे' लिहिले, त्याला कोणाला मारायचे नव्हते. सहज लिहिले गेले असणार, आपण 'हाउसहोल्ड' लिहितो तसे.

हजयात्रेत आपण हा धडा एकदा घेतलेला आहे. १९९७ च्या हजमध्ये, १५ एप्रिलला, मिनाच्या तंबूंना आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसमधून ती पसरली. ३४३ हाजी गेले आणि सुमारे ७०,००० तंबू जळाले. त्यानंतर तिथे न पेटणारे तंबू आले आणि तंबूत गॅसची शेगडी बंद झाली. आज कोणी हाजी शेगडी न्यायचा हट्ट धरत नाही. स्प्रेच्या डब्यातही तोच वायू आहे, फक्त तो सुगंधी आहे म्हणून डोळ्यांत येत नाही.

विमानातल्या प्रवाशाला अंगाला लावायच्या वस्तूंपुरती सूट आहे. एक डबा अर्ध्या लिटरपेक्षा मोठा नको, सगळे मिळून दोन लिटर किंवा दोन किलोच्या आत, आणि दाबायच्या जागेवर टोपण घट्ट हवे. सामानात दाबून डबा आपोआप सुटू नये म्हणून ते टोपण. रंगाचा स्प्रे न्यायचाच नाही. पोस्टाने परदेशी पाठवायच्या पार्सलात तर असा डबा चालतच नाही. अल्कोहोलवाल्या परफ्यूमच्या बाटलीला वेगळा नंबर आहे, १२६६, कारण ते पेटणारे द्रव आहे. आणि आपले जुने अत्तर, चंदनाच्या तेलात उतरवलेले, ते सहजासहजी पेट घेत नाही, दाबाखालीही नसते. कानामागे फाया ठेवणारे आजोबा या नियमांच्या बाहेरच राहिले.

भाच्याने नंतर तिथल्या एका मोठ्या कार्गोवाल्याकडे चौकशी केली. सात डबे रीतसर जाहीर करून पाठवायचे तर वेगळे खोके, वेगळा कागद, वेगळे भाडे. बहुतेक जण एकट्या माणसाकडून तो माल घेतच नाहीत, कारण सही करणाऱ्याला नियम माहीत असावे लागतात. डब्यांच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, तो स्प्रे तर धुळ्याला आग्रा रोडवर मिळतो, पाच-पन्नास रुपये इकडे-तिकडे. आता तो फक्त खजूर आणि दूध पावडर पाठवतो, आणि यादीत तेच लिहितो.